छविच्छेद

गेली पस्तीस-चाळीस वर्षे मी पाक्षिक प्रतिक्रमणाला बसत आलो आहे. वंदित्तु सूत्रातील पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार मला लहानपणापासून पाठ आहेत: वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपान-विच्छेद. प्राण्याला मारणे, त्याला बांधून ठेवणे, त्याची कातडी वा अवयव कापणे, झेपणार नाही एवढे ओझे त्याच्यावर लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. आमची सांगलीत हळदीची अडत होती. वडील या पाचांचा अर्थ सांगताना बाजार आवारात उभ्या असलेल्या बैलगाड्यांकडे बोट दाखवीत. बैलाच्या नाकातील वेसण, मानेवरचे घट्टे, गाडीवरची पोत्यांची चळत, यांत पाचही अतिचार दिसत.

पुढे बैलगाड्या गेल्या, ट्रक आले. मीही हळद सोडून औषधांच्या घाऊक व्यापारात शिरलो. हे अतिचार म्हणताना अलीकडे माझ्या डोळ्यांपुढे काहीच येत नसे. ही नावे जुन्या काळातील आहेत, त्यांचा आपल्या दुकानाशी संबंध नाही, आपण तर वेदना कमी करण्याचा व्यवसाय करतो, असा एक सुखद समज मनात घर करून होता. चार वर्षांपूर्वीच्या वैशाखात तो मोडला. तो कसा मोडला, हे आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांना सांगावेसे वाटते, कारण औषधे आपल्यापैकी पुष्कळजण विकतात आणि वापरतात तर सगळेच.

आईला वीस वर्षांचा मधुमेह. त्या वर्षी वैशाखातील एका दुपारी ती देरासरातून दर्शन करून परतली. प्रांगणातील फरशी तापलेली होती आणि ती नेहमीप्रमाणे अनवाणी होती. मधुमेहाने तिच्या तळपायाची संवेदना केव्हाच गेली होती. भाजले तरी तिला कळले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चादरीवर डाग दिसला, तेव्हा उजव्या अंगठ्याखाली फुटलेला फोड सापडला. पंधरा दिवसांत त्याची रुपयाएवढी खोल जखम झाली. डॉक्टरांनी पायातील रक्तप्रवाह तपासला; तो चांगला होता, म्हणून आशा होती. त्यांनी जखमेच्या कडेची मेलेली कातडी कापून काढली, पायावरचा भार काढण्यासाठी खास पादत्राण दिले, साखर काटेकोर ठेवायला सांगितले आणि काही दिवसांनी एक मलम लिहून दिले. बेकाप्लर्मिन हे त्याचे नाव. आपल्या रक्तातील प्लेटलेट्समध्ये जखम भरण्यास चालना देणारा जो एक घटक असतो, त्याचीच प्रयोगशाळेत यीस्टच्या साहाय्याने केलेली ही प्रतिकृती. ते शीतकपाटात ठेवायचे, दिवसातून एकदा पातळ थर लावायचा, बारा तासांनी धुऊन नुसती ओलसर पट्टी ठेवायची. मलम दुसरीकडून आणावे लागले नाही. ते माझ्याच गोदामात होते. कित्येक वर्षे मी ते विकत होतो.

त्या सुमारास माझी भाची आमच्याकडे राहून एम. फार्म. करीत होती. आजीची पट्टी बदलण्याचे काम तिने आपणहून घेतले. जखम दर आठवड्याला मोजावी, असे डॉक्टरांचे सांगणे होते. आठवड्यागणिक ती आकसत नसेल तर उपचार बदलावे लागतात. भाची एक स्वच्छ पारदर्शक कागद जखमेवर धरी, बारीक पेनाने कडा गिरवी आणि मग तो आलेख कागदावर ठेवून चौकटी मोजी. तिचा हात या कामात इतका सराईत होता की एकदा आईने कौतुकाने विचारले, हे कुठे शिकलीस? भाचीने उत्तर देण्याऐवजी मान खाली घातली. तिच्या पिशवीतून तसेच आणखी कागद डोकावत होते. आईने ते ओढून घेतले. प्रत्येकावर गोल गोल आकृत्या होत्या. शून्यावा दिवस, चौथा, आठवा, बारावा अशी नोंद होती. कृष्णपक्षातल्या चंद्राप्रमाणे त्या लहान होत गेल्या होत्या.

"या कुणाच्या जखमा, बाळ?" आईने विचारले.

"उंदरांच्या, आजी."

"कशाने झाल्या?"

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्ही केल्या."

खोटे सांगणे तिला सोपे होते. ते तिने सांगितले नाही, याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. त्या संध्याकाळी आईने तिला समोर बसवून सगळे विचारून घेतले. मीही ऐकत होतो. औषधांच्या व्यापारात माझी हयात गेली होती. बॅच नंबर, मुदत, शीतसाखळी सारे मला ठाऊक होते. मलम पेटीत येण्यापूर्वी काय घडते, हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

भाचीचा प्रबंध हळद आणि कोरफडीच्या अर्कापासून केलेल्या मलमावर होता. प्रयोगासाठी पांढरे विस्टार उंदीर घेतात. उंदराला भूल देऊन त्याच्या पाठीवरचे केस काढतात आणि सुमारे 500 चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाचा, पूर्ण जाडीचा कातडीचा गोल तुकडा कापून काढतात. एका गटात सहा उंदीर. एका गटाला काहीच लावायचे नाही, दुसऱ्याला औषधाविना नुसत्या मलमाचा पाया, तिसऱ्याला बाजारातील प्रचलित मलम, चौथ्या-पाचव्याला नव्या मलमाची कमी आणि अधिक मात्रा. असे पाच गट, तीस उंदीर. प्रत्येकाला स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवतात, कारण एकत्र ठेवले तर ते एकमेकांच्या जखमा चाटतात आणि मलमही पोटात जाते. दर चार दिवसांनी जखमेची कडा गिरवायची. खपली पडून खाली कच्ची जखम उरली नाही, तो दिवस नोंदवायचा.

प्रयोगाचा दुसरा प्रकार ऐकताना आईने पदर तोंडाशी धरला. त्यात कण्याच्या बाजूला लांब छेद घेऊन तो शिवतात, मलम लावतात आणि दहाव्या दिवशी भूल देऊन ती भरलेली जखम हळूहळू वाढत्या ताणाने पुन्हा उघडेपर्यंत ओढतात. किती वजनाला ती उघडली, त्यावरून कातडीची मजबुती कळते. अखेरीस तपासणीसाठी ऊती लागतात, म्हणून उंदरांना शांतपणे मारतात. हे सारे नियमांनुसार होते, मंजुरीशिवाय एकही उंदीर घेता येत नाही, वेदनाशामक दिले जाते, हेही भाचीने सांगितले. त्यात ती स्वतःचा बचाव करीत नव्हती.

त्या रात्री मी अंथरुणावर पडून पाच अतिचार मोजले. पिंजरा म्हणजे बंध. अखेरचे मरण म्हणजे वध. छविच्छेद तर शब्दशः तोच. छवि म्हणजे त्वचा आणि छेद म्हणजे कापणे. ज्या शब्दाला माझ्या जगात जागा नाही असे मी समजत होतो, तो माझ्या गोदामातील प्रत्येक मलमाच्या मागे उभा होता.

दुसऱ्या दिवशी आईने मला विचारले, "आणि माझे हे मलम?"

तेही तसेच, मी म्हणालो. त्यातील घटकाने उंदरांच्या शिवलेल्या जखमा अधिक मजबूत झाल्या, मधुमेही उंदरांच्या रेंगाळणाऱ्या जखमा लवकर भरल्या, हे आधी दिसले; मग माणसांवर चाचण्या झाल्या आणि डिसेंबर 1997 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आईने काही वाद घातला नाही. तिने मलम लावून घ्यायचे बंद केले.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी जखमेची कडा लाल दिसू लागली. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला तर अंगठा काढावा लागेल आणि कदाचित तेवढ्यावर थांबणार नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. आईच्या व्रताचा मान राखायचा की तिच्या पायाचा विचार करायचा, या पेचात मी सापडलो. एकाच पेटीतील औषध मी शेकडो गावांना पाठवीत होतो आणि माझ्या घरी ते शीतकपाटात तसेच पडून होते.

आईला मांगलिक ऐकवण्यासाठी साध्वीजी महाराज घरी आल्या, तेव्हा तिने त्यांना सगळे सांगितले. सावद्य कार्यात साधू-साध्वी 'करा' असे म्हणत नाहीत, हे आपण जाणतो. त्यांनी मलमाबद्दल हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. त्यांनी फक्त आठव्या व्रताची आठवण करून दिली. श्रावकाला सर्व हिंसा सुटत नाही, म्हणूनच प्रयोजनासाठी घडणारा अर्थदंड आणि निष्प्रयोजन घडणारा अनर्थदंड असा भेद सांगितला आहे. पहिल्यात यतना ठेवायची, त्याची आलोचना करायची. दुसरा मात्र त्यागायचाच. एवढे बोलून त्या मंगलपाठ म्हणून गेल्या.

आईने रात्रभर विचार केला असावा. सकाळी भाचीला हाक मारून ती म्हणाली, "लाव मलम. मला माहीत नव्हते, असे आता मला म्हणता यायचे नाही. पण आता माझ्या बेफिकिरीने ही जखम चिघळली, तर त्या मुक्या जिवांची कातडी फुकट कापली असे होईल."

त्यानंतर तिच्यासारखा रुग्ण डॉक्टरांनी पाहिला नसेल. खास पादत्राणाशिवाय ती मोरीपर्यंतही गेली नाही. गोड तिने आधीच सोडले होते. आता साखर रोज वहीत लिहू लागली. मलम ट्यूबमधून जरुरीपेक्षा कणभर जास्त बाहेर आले तरी ती हात धरी. उपचार पाळण्यातील प्रमाद हीसुद्धा हिंसा आहे, हा अर्थ मला प्रवचनांतून कधी इतका स्पष्ट कळला नव्हता.

माझ्या मनात मात्र साध्वीजींचा शब्द घोळत राहिला. अर्थदंड कुठे संपतो आणि अनर्थदंड कुठे सुरू होतो? मी व्यापारी माणूस. खर्च झाला तर त्याच्यापोटी काय आले, हे पाहण्याची सवय. भाचीकडून आणि तिच्या पुस्तकांतून मी जमेल तेवढे समजून घेऊ लागलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी. उंदराची कातडी आपल्यासारखी नाही. ती सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, जो माणसात जवळजवळ नाहीच. त्यामुळे उंदराची जखम मुख्यतः कडा आकसून मिटते. पिशवीचे तोंड नाडीने ओढावे तशी. माणसाची जखम मुख्यतः तळातून नवे मांस भरून आणि वरून नवी त्वचा सरकून बरी होते. म्हणजे पारदर्शक कागदावरचे वर्तुळ लहान झाले, तर त्यातले किती श्रेय मलमाचे आणि किती उंदराच्या स्नायूचे? यावर उपायही निघाला आहे. लहान उंदरांच्या जखमेभोवती सिलिकॉनचे कडे बसवून ती आकसण्यापासून रोखतात, मग ती माणसाच्या जखमेसारखी भरते. पण हा उपाय न करताच झालेले प्रयोग काही थोडे नाहीत. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या उपचारांचे प्राण्यांवरचे आणि माणसांवरचे निष्कर्ष ताडून पाहिले होते. डुकरांवरचे निष्कर्ष माणसांशी 78 टक्के जुळले, लहान प्राण्यांवरचे केवळ 53 टक्के. व्यापारात ज्या दलालाची खबर शंभरातून त्रेपन्न वेळाच खरी ठरते, त्याच्या भरवशावर आपण सौदा करीत नाही.

आईच्या मलमाचेही तसेच. माणसांवरच्या मुख्य चाचणीत वीस आठवड्यांत मलम लावलेल्यांपैकी 50 टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या. औषधाविना नुसता पाया लावलेल्यांपैकी 35 टक्के. शंभरात पंधरांचा फरक. तो लहान नाही, ज्याचा पाय वाचला त्याला तर मुळीच नाही. परंतु त्या पस्तीसजणांच्या जखमाही भरल्या होत्या. स्वच्छता, मेलेली कातडी काढणे आणि पायावरचा भार दूर करणे, एवढ्याने.

दुसरी गोष्ट हळदीची. माझ्या लहानपणी गुडघा फुटला की वडील पोत्यातली चिमूटभर हळद दाबून बसवीत. मार्च 1995 मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला हळदीने जखम भरण्याच्या उपयोगाचे पेटंट मिळाले, तेव्हा आमच्या बाजारात मोठी चर्चा झाली होती. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे दाखले मांडले आणि ऑगस्ट 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. हे ज्ञान आधीपासून आहे, हे लेखी पुराव्याने सिद्ध झाले. मग तीच हळद, थोडी कोरफड मिसळून, पुन्हा तीस उंदरांच्या पाठीवर का? मी भाचीला विचारले. ती म्हणाली, "मामा, पूर्वापार वापरतात हे कळणे वेगळे आणि ते किती मात्रेत गुण देते, कुठे अपाय करते हे कळणे वेगळे. पण खरे सांगू? माझ्या आधी अशा मलमांवर पुष्कळ प्रबंध झालेत आणि त्यातले बहुतेक कपाटात आहेत. माझाही तिथेच जाईल." हे ती रडवेली होऊन म्हणाली. मला उत्तर मिळाले. ज्या जखमेतून नवे काही कळणार नाही, किंवा कळले तरी कुणापर्यंत पोहोचणार नाही, ती अनर्थदंडाची जखम.

एवढ्यावर माझा निवाडा झाला असता, तर हे प्रकरण सोपे होते. पण तिसरीही गोष्ट होती. आईच्या जखमेवर जी ओलसर पट्टी असे, ती पाहून मला नवल वाटे. आमच्या पिढीला शिकवलेले असे की जखम उघडी ठेवावी, वाळू द्यावी, खपली धरू द्यावी. ही समजूत कुणी बदलली? 1962 मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी पाळीव डुकराच्या पिलांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही हवेत उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने सरकली. पुढच्याच वर्षी माणसांवरही तसाच अनुभव आला आणि जगभरातील जखमेच्या पट्ट्या बदलल्या. आईने मलम कायमचे नाकारले असते, तरी ती ओलसर पट्टी तिच्या पायावर राहिलीच असती. ते ज्ञान आता वेगळे काढता येत नाही. ते पाण्यात मीठ विरघळावे तसे सगळ्या वैद्यकात विरघळले आहे.

आणि याच्या उलट चौथी. आईच्या पायावरचा भार काढणारे ते पादत्राण ज्या विचारातून आले, त्यामागे कोणत्याही प्राण्याची जखम नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या तळपायांच्या जखमा पाहत असत. कुष्ठरोगामुळे मांस सडते, अशी तोवरची समजूत. त्यांनी रुग्णांचे चालणे, जोडे, झोपणे बारकाईने न्याहाळले आणि दाखवून दिले की वेदना कळत नसल्याने माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देतो, म्हणून जखम भरत नाही. पायाला घट्ट बेतलेले प्लास्टर घालून भार वाटून दिला की जुनाट जखमाही भरू लागल्या. हीच युक्ती पुढे मधुमेही पायाच्या उपचाराचा आधारस्तंभ झाली. नुसते नीट पाहण्याने एवढे मिळू शकते, हे वाचून मला भरून आले.

आईची जखम सतराव्या आठवड्यात भरली. मलमाने, पट्टीने, पादत्राणाने की तिच्या निग्रहाने, हे कुणी सांगू शकणार नाही. डुकरांची हकीकत मी तिला तोवर सांगितली नव्हती. ती सांगितल्यावर ती पुन्हा काही सोडेल अशी भीती वाटे. पाय बरा झाल्यावर सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा आपण मागतोच. त्यांत तेही येतात. पण आजवर मी त्यांना ओळखत नव्हते." आता ती फरशी तापण्यापूर्वी, सूर्योदयाच्या सुमारास दर्शनाला जाते आणि पायांत स्वच्छ सुती मोजे घालते. घरी आल्यावर सून तिचे दोन्ही तळवे पाहते. ज्यांच्या घरी मधुमेही वडीलधारे आहेत, त्यांनी एवढे तरी अवश्य करावे. जी जखम झालीच नाही, तिच्यासाठी कुणाचीच कातडी कापावी लागत नाही.

माझा प्रश्न मात्र उरला होता. एका फार्मसी महाविद्यालयाला मी पूर्वी देणगी दिली होती. त्यांच्याकडून विचारणा आली. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार केंद्र सरकारने प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेखीसाठी समिती नेमली आहे आणि प्रत्येक संस्थेत एक नैतिक समिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतात, तसा सामाजिक जाणीव असलेला एक बिगर-वैज्ञानिक सदस्यही असतो. त्या जागेसाठी आपले नाव कळवू का, असे ते विचारत होते. आईच्या आजारपणापूर्वी एकदा मी हेच निमंत्रण झटकून टाकले होते. जैन माणसाने उंदीर कापण्याच्या कागदावर सही करायची? कृत आणि कारित टळले तरी हे उघड अनुमोदन झाले. या वेळी ते इतके सोपे वाटले नाही. कोणतीही सही न करता मी वर्षानुवर्षे त्या मलमांची बिले फाडत आलो होतो. नफा घेताना अनुमोदन आठवले नाही आणि जबाबदारी घेताना तेवढे आठवले, हा कुठला न्याय?

मी होकार दिला. तेव्हापासून काही गोष्टी शिकलो. 1959 मध्ये रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली: प्राण्याशिवाय काम होत असेल तर तसे करावे, प्राणी कमीत कमी घ्यावेत आणि वेदना कमीत कमी द्यावी. आपल्या देशातील समितीने त्यात प्राण्यांच्या पुनर्वसनाचे चौथे सूत्र घातले. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्यांसाठी प्राणी वापरण्यास भारतात 2014 पासून बंदी आहे. मलमाने त्वचेला दाह होतो का, एवढेच पाहायचे असेल, तर मानवी पेशींपासून वाढवलेल्या त्वचेवर ते पाहता येते. सशाची गरज नाही. 2023 च्या दुरुस्तीने नव्या औषधांच्या नियमांतही अशा पद्धतींना जागा मिळाली. मात्र जखम भरताना रक्तवाहिन्या, रक्तातील पेशी, मज्जातंतू असे सारे शरीर कामाला लागते. ते सगळे अजून काचेच्या बशीत मावत नाही. हे शास्त्रज्ञ मला प्रामाणिकपणे सांगतात आणि मी ते मान्य करतो.

पहिल्या बैठकीत एका मलमाचा अर्ज होता. पाच गट, तीस उंदीर. मी विज्ञानातला नव्हे, म्हणून तीनच साधे प्रश्न विचारले. हेच काम आधी कुणी केले आहे का? काहीच न लावलेला गट आणि नुसता पाया लावलेला गट, दोन्ही लागतातच का? भूल उतरल्यानंतरच्या दिवसांत वेदनाशामक किती दिवस देणार? पहिल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले. अर्जदाराने जुने काम नीट वाचले होते आणि तिचा प्रश्न खरोखर वेगळा होता. दुसऱ्यावर चर्चा झाली आणि पशुवैद्य म्हणाले की या प्रश्नापुरता एक गट पुरेसा आहे. तिसऱ्याचे दिवस वाढले. कागदावर तीस खोडून चोवीस लिहिले गेले आणि इतरांच्या खाली मीही सही केली.

घरी आल्यावर आईला सांगितले. तिने विचारले, "सहा वाचले म्हणायचे की चोवीसांना तू हो म्हणालास?" मी काहीच बोललो नाही. तिनेही उत्तराचा आग्रह धरला नाही. त्या चतुर्दशीला प्रतिक्रमणात छविच्छेद हा शब्द आला, तेव्हा बैलगाडी डोळ्यांपुढे आली नाही. पारदर्शक कागदावरची गोल वर्तुळे आली, आईच्या पायाची आणि त्यांची, एकमेकांवर ठेवली तर कोणती कुणाची हे ओळखू येऊ नये अशी. मिच्छामि दुक्कडम् म्हणताना या वेळी मला ठाऊक होते की मी कुणाला म्हणतो आहे.